वाजवून घेतलेलं भांडं

शहरात चांगली भांडी कुठे मिळतात, असं नवा संसार थाटणाऱ्या कुणी विचारलं, की जुनी माणसं दुकानाचं नाव सांगत नसत. "खानावळीतल्या थोरलीला बरोबर घेऊन जा," एवढंच म्हणत. चौकात काचेची दुकानं होती. तिथे प्रत्येक भांड्यावर वेगळा दिवा सोडलेला असे, आणि भांड्याला हात लावला की विकणारी मुलगी लगेच फडक्यानं बोटांचे ठसे पुसून काढी. पुलाखाली जुनी भांडी विकणारे बसत. तिथे एखादी वस्तू सोन्यासारखी मिळे, एखादी घरी जाईपर्यंतही टिकत नसे. आणि या दोन्हींच्या मधे भांडेगल्ली होती. अरुंद, खोल दुकानं, दारावर टांगलेले झारे, गाळण्या आणि किसण्या, आत पातेल्यांच्या उतरंडी, दर दोन पातेल्यांमध्ये कोंबलेली रद्दी.

थोरली त्या गल्लीत शिरली की दुकानदार गादी सोडून उठत. ती भांडं डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरी, पिशवीतून लाकडी पळी काढी, एकदाच ठोका मारी आणि डोळे मिटून ऐके. मग म्हणे, "घ्या." किंवा, "नको." कारण कधी सांगत नसे. तिनं 'घ्या' म्हटलेलं भांडं नातीनंसुद्धा वापरलं, असं लोक सांगत. थोडं वाढवूनही सांगत असतील.

खानावळ गोदामांच्या रस्त्यावर होती. घरचीच. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत चूल आणि त्यामागे भांडी घासायची मोरी. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गल्ल्यावर दीर बसे. त्याची बायको, म्हणजे धाकटी जाऊ, वाढायचं आणि वरकड सगळं बघे. चूल थोरलीची. चुलीवर एकच मोठं पातेलं, बिडाचं, म्हणजे जाड ओतीव लोखंडाचं. सकाळी त्यात रस्सा चढे आणि दुपारी हमाल, कारकून, शिंपी सगळे त्यातलंच जेवत.

सासूबाई आता नव्हत्या, पण त्यांचा एक नियम घरात चालत होता. पातेलं जिनं निवडलं, चूल तिची. त्यांनी स्वतः थोरलीला भांडेगल्लीत नेऊन तिच्या हातात पळी दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "चुकलीस तर जन्मभर भांडी घासशील." थोरली चुकली नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. पातेल्यापाशी होती तोवर ती त्या घरातली थोरली होती. पातेलं सुटलं असतं, तर ती त्या घरात नुसती राहणारी एक बाई झाली असती.

आणि थोरलीला ऐकू येईनासं झालं होतं.

एका तापानंतर सुरुवात झाली. आधी चहाच्या किटलीची शिट्टी गेली. मग झाकणाचं थडथडणं गेलं. मग माणसं गेली. म्हणजे माणसं समोर असत, त्यांची तोंडं हलत, पण शब्द कुठेतरी वाटेतच सांडत. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. झाकणाची वाफ डोळ्यांनी बघायला शिकली, ओठ वाचायला शिकली. पाठीमागे भिंत येईल अशीच बसू लागली. कुणी फार बोलू नये म्हणून चिडकी झाली. "थोरलीची मिजास वाढलीय," असं लोक म्हणू लागले, आणि मिजास वाढलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कुणी काही विचारत नाही, हे तिच्या पथ्यावर पडलं.

भांडी मात्र ती अजून निवडत होती. बोटांनी. भांड्याच्या काठावर नखं टेकवून ठोका मारला की चांगलं भांडं थरथरतं, आणि ती थरथर मनगटापर्यंत येऊन हळूहळू विरते. तडा गेलेलं भांडं ठोक्यासरशी मरतं. डोळे ती अजूनही मिटत असे, पण ते आता लोकांसाठी.

धाकटीला हे कळलं ते योगायोगानं. एकदा थोरली तिच्याकडे पाठ करून पीठ चाळत होती. धाकटीच्या हातून ताट निसटलं. केवढा आवाज झाला! पुढच्या खोलीतले लोक वाकून बघायला लागले. थोरली पीठ चाळत राहिली.

त्या दिवसापासून धाकटीला एक खेळ मिळाला. थोरलीच्या मागे उभी राहून ती गोड आवाजात म्हणे, "ए बहिरे, कधी मरतेस? तुझी खोली मला हवीय गं." भांडी घासणारी बाई तोंडात पदर कोंबून हसे. दीर गल्ल्यावरून म्हणे, "पुरे झालं आता," आणि स्वतःही मान खाली घालून हसे. एकदा शिंपी जेवताना म्हणाला, "अहो, ऐकलं तर?" त्यावर धाकटी म्हणाली, "ऐकलं तर बरंच की. तेवढाच कान उघडला म्हणायचा!" बाकांवर हशा पिकला. थोरलीनं वळून सगळ्यांची हसरी तोंडं बघितली आणि आपणही थोडं हसली, कारण न हसणं संशयाचं झालं असतं.

धाकटी मुळात अशी होती का? मला नक्की सांगता येणार नाही. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा थोरलीच्या मागेमागे असायची. एकदा तिनं हौसेनं विचारलं होतं, "ताई, मला पण शिकवा ना. भांड्यात ऐकायचं काय असतं?" नेमकं आदल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, की धाकटीच्या हाताला चव आहे. थोरलीला ते रात्रभर टोचत होतं. ती म्हणाली, "हे बघ, चांगलं भांडं फार बोलत नाही. भारदस्त माणसासारखं एकदाच 'हं' करतं आणि गप्प बसतं. जे लांबवर वाजत राहतं ते पोकळ. उथळ पाण्याला खळखळाट फार, ऐकलंयस ना?"

धाकटीनं मान डोलावली. तिनं ते गाठीशी बांधून ठेवलं. थोरली तिला भांडेगल्लीत कधी बरोबर नेत नसे, त्यामुळे ती गाठ सोडून बघायची वेळच आली नाही.

त्या वर्षी जुन्या पातेल्याचा एक कान तुटला. उचलताना रस्सा कलंडायला लागला. शिंपी म्हणाला, "एक कान गेला म्हणून काय झालं, आपल्याकडे चालतं!" आणि परत हशा. दीर मात्र म्हणाला की नवीन घ्यायलाच हवं.

"चौकातल्या दुकानातून घेऊ," धाकटी म्हणाली. "काचेचं झाकण असतं. आत काय चाललंय ते दिसतं."

"ती भांडी बघायची असतात, रांधायची नाहीत," थोरली म्हणाली. "भांडेगल्लीतच जायचं. मी निवडते."

धाकटीनं तिच्याकडे रोखून बघितलं, आणि मग इतक्या सहज हो म्हटलं, की थोरलीला भीती वाटली. "जाऊ की. सगळेच जाऊ. तुम्ही निवडा, ताई. आम्ही बघतो."

दुकानदार जुनाच होता. जाड भिंगांचा चष्मा, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. थोरलीला बघून तो उठला. "या, बाई! तुमच्यापुढे वाईट माल ठेवायची माझी छाती नाही." त्यानं नोकराकडून बिडाची तीन पातेली काढवून फळीवर ठेवली. दुकानात एक घरधनीण आपल्या सुनेला घेऊन तिच्यासाठी कढई बघत होती. थोरलीचं नाव ऐकून तीही जवळ येऊन उभी राहिली.

थोरलीनं पिशवीतून पळी काढली. पहिल्या पातेल्याच्या काठावर नखं टेकवून ठोका मारला. थरथर आली, मनगटापर्यंत आली, सावकाश विरली. दुसरंही तसंच. तिसरं दिसायला सगळ्यांत देखणं होतं, काळंभोर, बूड जाड, काठ गुळगुळीत. तिनं ठोका मारला. नखांखाली काहीच आलं नाही. मेलेलं.

तिनं डोळे उघडले. पहिलं घ्यायचं, असं ती म्हणणार, तेवढ्यात धाकटीनं तिच्या हातातली पळी काढून घेतली.

"ताई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही इथे बसा बघू." तिनं लाकडी स्टूल दुकानाच्या दाराशी, फळीपासून लांब ठेवलं आणि तिला खांदे धरून बसवलं. "मी वाजवते, तुम्ही फक्त ऐका. कान तुमचा, हात माझा."

लोकांपुढे नाही म्हणणार कसं? थोरली बसली. धाकटी फळीकडे तोंड करून उभी राहिली, तिच्या पाठीआड पातेलं दिसेना. तिचं कोपर हललं. मग ती वळली, म्हणाली, "कसं वाटतंय?"

थोरलीनं दुकानदाराकडे बघितलं. त्याचा चेहरा कोरा होता. दिराकडे बघितलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

"बरं आहे," ती म्हणाली. "अजून एकदा वाजव."

कोपर पुन्हा हललं. "आता?"

"आता नीट आलं." ती आवाजात जमेल तेवढा अधिकार आणून म्हणाली, "हेच घेऊ."

घरधनिणीच्या सुनेनं तोंडावर हात ठेवला. धाकटी बाजूला झाली. पळी तिनं काखेत धरलेली होती. ती दोन पावलं पुढे आली, थोरलीच्या तोंडासमोर वाकली, आणि मुलांना समजावतात तसा एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ताई, मी, वाजवलंच, नाही."

थोरलीला ते शब्द ओठांवर स्वच्छ दिसले.

"दोन्ही वेळा हवेतच हात हलवला मी," धाकटी आता सगळ्यांकडे वळून सांगू लागली. "कधीपासून सांगतेय मी यांना, बाईंना ठार ऐकू येत नाही. कान सगळ्या शहराचा, आणि आत बोळे! काय हो, शेठ, अख्ख्या गल्लीला उल्लू बनवलं की नाही हिनं?"

घरधनीण म्हणाली, "अगं बाई, माझ्या पुतणीची सगळी भांडी यांनीच निवडली की!" आणि ती हसली. तिची सून हसली, नोकर हसला. दीर म्हणाला, "चल, आटप आता," पण हसू त्याच्याही मिशीत होतं. थोरली स्टुलावर बसून एकेक तोंड बघत होती. आवाज नसला की हसणारी माणसं फार वेगळी दिसतात. नुसते दात दिसतात.

"आता मी निवडते," धाकटी म्हणाली. "सासूबाईंचा नियम आहे ना? जी निवडेल तिची चूल."

तिनं या वेळी खरोखर ठोके मारले. पहिलं पातेलं वाजलं तसं तिनं नाक मुरडलं. "नुसता खणखणाट." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यावर पळी पडली आणि तिचा चेहरा उजळला. एखाद्या गोष्टीची खूप वर्षांनी खूण पटावी तसा. "हं," ती म्हणाली. "हे भारदस्त आहे."

थोरली उठून उभी राहिली. "ते नको. त्याला तडा गेलाय."

"कशावरून? ऐकू आलं वाटतं?"

पुन्हा दात. थोरली दुकानदाराकडे वळली. "तुम्ही सांगा यांना."

ते पातेलं माल उतरवताना नोकराच्या हातून पडलं होतं, हे दुकानदाराला ठाऊक होतं. चुकून फळीवर आलं होतं ते. थोरली बाजूला सारेल म्हणून तो गप्प होता. आता त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. थोरलीपुढे वाईट माल ठेवायची छाती नसलेल्या त्या माणसाला तेवढ्यात छाती आली. "सगळा एकाच भट्टीचा माल आहे, बाई," तो म्हणाला आणि पातेल्याभोवती गोणपाट गुंडाळायला लागला.

एक वाक्य बोलायचं होतं. मी तुला उलटं शिकवलं होतं, एवढंच. धाकटीनं ते ऐकलं असतं. रागानं का होईना, पातेलं खाली ठेवलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे त्या फळीपुढे, त्या दातांपुढे, बहिरी तर बहिरी, वर लबाडही ठरायचं. थोरलीनं पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

हातगाडीवर पातेलं मधे आणि त्याच्या दोन बाजूंना दोघी चालत होत्या. दीर पुढे. थोरलीनं गोणपाटाखालून काठावर नख टेकवलं. रस्त्यातल्या खड्ड्यांत गाडी आदळत होती, तरी पातेलं मुकं. तिनं धाकटीकडे बघितलं, तोंड उघडलं.

धाकटी तिच्या कानाशी आली आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्यानं ओरडली, "उद्यापासून कांदे तुमच्याकडे! कांदे! कळलं का? चिरायचे! आणि खोलीही रिकामी करायची! मोरीजवळची जागा बरी तुम्हाला, तिथे आवाजाचा त्रास नाही!"

एका फळवाल्यानं हसून दाद दिली. थोरलीनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीशी धाकटी उभी होती. सासूबाईंची पळी कमरेला खोचलेली. थोरली मोरीच्या दाराशी कांद्यांची टोपली घेऊन बसली. तिनं आपला पाट जरा मागे घेतला, मग अजून जरा मागे. भांडी घासणारी बाई म्हणाली, "एवढ्या लांब कशाला बसता?" थोरलीचं तिकडे लक्ष नव्हतं.

नव्या पातेल्यात पाणी चढलं, हाडं पडली, मसाला पडला. पुढच्या खोलीत बाकं भरायला लागली. शिंपी लवकर आला होता. नव्या राज्याचा पहिला घास आपला, म्हणून. "काय वहिनी, चालू करा की!" तो ओरडत होता. रस्सा भरपूर होता आणि उकळी येत नव्हती. धाकटीनं झाकण उघडलं, ठेवलं, परत उघडलं. एवढं मोठं भांडं तिनं कधी चढवलंच नव्हतं. कपाळावरचा घाम तिनं मनगटानं पुसला.

मग ती मोरीच्या दाराशी आली आणि थोरलीसमोर उकिडवी बसली. ओरडायचं ती विसरली. पुढच्या खोलीत कळू नये म्हणून हळूच, जवळजवळ कुजबुजत, नव्या नवरीच्या जुन्या चेहऱ्यानं तिनं विचारलं, "ताई, आच एवढी पुरे का हो? की वाढवू?"

ओठ अगदी जवळ होते. थोरलीला त्या ओठांवरचा शब्दन् शब्द वाचता आला. तिच्या हातात अर्धा चिरलेला कांदा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कांद्याचं असावं.

"वाढव," थोरली म्हणाली. "चांगली वाढव. बिडाला आच लागते."

धाकटीनं मान डोलावली, पूर्वी डोलावली होती तशीच. तिनं जाऊन चुलीत लाकडं सारली आणि रस्सा ढवळायला पातेल्यावर वाकली.

थोरलीला आवाज आला नाही. तिला तळपायांखाली जमीन एकदा हलल्यासारखी वाटली. तिनं मान वर केली तेव्हा पुढच्या खोलीतली सगळी माणसं एकदम उभी राहिलेली दिसली, शिंप्याच्या हातातून पाण्याचा पेला सुटताना दिसला, मग चुलीतून उठलेली पांढरी वाफ. पातेलं काठापासून बुडापर्यंत उभं फाटलं होतं. उकळता रस्सा धाकटीच्या मांड्यांवरून पायांवर उतरत होता. धाकटीचं तोंड उघडं होतं, एवढं उघडं की आतल्या दाढा दिसत होत्या, आणि ते मिटतच नव्हतं.

पाणी आणा, चादर आणा, गाडी बोलवा, अशी तोंडं चहूकडे हलत होती. शिंप्यानं आणि दोन हमालांनी धाकटीला उचलून बाहेर नेलं. तिच्या कमरेची पळी खाली पडली आणि कुणाच्या तरी पायाखाली मोडली.

दीर मोरीच्या दाराशी आला. धाकटीला ओढताना त्याचे हात भाजले होते, ते त्यानं अंगापासून लांब धरले होते. ओठ थरथरत होते, तरी वाचता येत होते.

"वहिनी, तुम्ही दुकानात म्हणाला होतात. तडा आहे म्हणून. तुम्हाला माहीत होतं. मग आत्ता तुम्ही तिला आच वाढवायला सांगितलीत का? वहिनी? मी बघितलं तिला तुमच्याशी बोलताना. काय सांगितलंत तुम्ही तिला?"

थोरलीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग कानामागे तळहात धरला. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच.

"मोठ्यानं बोला, भावजी," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."